भाकणूक आणि मागाहून जुळवलेलं भविष्य

दिंडीच्या शंभरीचा हा अंक निघतोय म्हणून मंडळींनी आम्हालाही चार ओळी लिहायला सांगितलं. आमचं शिक्षण चौथी, तेव्हा आमचा इतिहास म्हणजे ऐकलेला आणि थोडा वाचलेला. विषय मुद्दाम भविष्याचा घेतलाय. वारीत पंगत उठली की हल्ली हेच निघतं: अमक्यानं शंभर वर्षांमागं महापूर सांगितला होता, तमक्या पोथीत करोना लिहून ठेवलाय.

आधी एक घोटाळा मिटवतो. कोडोली म्हटलं की परगावची माणसं आम्हाला भाकणुकीचं विचारतात. ते गाव पट्टणकोडोली, हातकणंगले तालुक्यातलं. आम्ही पन्हाळा तालुक्यातले, वारणेच्या अंगचे. तिथं दसरा-दिवाळीच्या मधे विठ्ठल-बिरदेवाची यात्रा भरते. सोलापूर जिल्ह्यातल्या अंजनगावाहून फरांडेबाबा चालत येतात, भंडाऱ्याच्या धुरळ्यात हेडाम खेळतात आणि पाऊसपाणी, धारण, रोगराई, राजकारण यावर थोडक्यात भाकणूक होते. आम्हीही तिथं जाऊन भंडारा लावून घेतलाय. त्या देवाची नि धनगर बांधवांच्या निष्ठेची चेष्टा करणाऱ्यातले आम्ही न्हवं. आमचं म्हणणं आहे ते ऐकणाऱ्यांबद्दल.

कुठलीही भाकणूक घ्या. नदीकाठाला पाणी लागंल, महागाई वाढंल, राज्यात उलथापालथ होईल, अशा धर्तीचं बोलणं कुठल्या साली साफ खोटं ठरतंय? आमच्या कोल्हापुराकडं १९८९, २००५, २०१९, २०२१ असे मोठे पूर आले. दहातल्या दोन गोष्टी जुळल्या की त्या दोन गावभर होतात. उरलेल्या आठ कोण ध्यानात ठेवतो?

१९६२ च्या फेब्रुवारीत अष्टग्रही झाली. मकर राशीत आठ ग्रह एकत्र येणार, जगबुडी होणार म्हणून देशभर होमहवन झालं. आम्ही तेव्हा आईच्या मांडीवर. थोरली माणसं सांगायची, कुणी पेरणीच्या बियाण्याचं दाणं शिजवून खाल्लं, आता कुठं पेरायचंय म्हणून! फेब्रुवारी गेला, काही झालं नाही. पुढं ऑक्टोबरात चीननं हल्ला केला, तेव्हा तीच माणसं म्हणायला लागली, बघा, अष्टग्रहीनं सांगितलं होतं. सांगितली होती जगबुडी, आणि हिशेबात धरली लढाई. १९६७ च्या ११ डिसेंबरला पहाटे कोयनेचा भूकंप झाला, घरं पडली, माणसं गेली. ती तारीख कुणाच्या पंचांगात आधी छापलेली आम्ही तरी पाहिली नाही.

पोथीचंही तसंच. भविष्यपुराणात अकबर आहे, इंग्रज आहेत, विकटावती नावाची राणी आहे, तीच विक्टोरिया असं सांगतात. ऐकून माणूस थक्क होतो. पण ही पोथी मुंबईच्या वेंकटेश्वर छापखान्यात छापली १८९७ साली. राणी तेव्हा गादीवर होती. त्याच्यापुढचं बघाल तर गांधीबाबा नाहीत, दोन महायुद्धं नाहीत, स्वातंत्र्य नाही. भविष्य छापखान्याच्या दारापर्यंत येऊन थांबलं. मागनं कुणीतरी भर घातली, हे शेतकऱ्यालाही कळतंय.

हे आम्ही एवढं का उगाळतोय? २०१९ च्या ऑगस्टात आमच्या नदीकाठच्या एका पाव्हण्याच्या गावात एक जुनं भविष्य फिरत होतं, की यंदा पाणी देवळाच्या पायरीला शिवून माघारी जाईल. त्यात २००५ ची खूण भिंतीवर होतीच, त्याच्यावर कसलं येतंय म्हणून घरची बसून राहिली. इकडं राजाराम बंधाऱ्याचा आकडा घटकेघटकेला कळत होता. धोक्याची पातळी ४३ फूट, आणि पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. वारणा काय वेगळी होती? माणसं नावेनं निघाली, दोन दुभत्या म्हशी दावणीलाच गेल्या. त्या घरची म्हातारी अजून गोठ्याकडं बघत नाही. आणि तेच भविष्य फिरवणारे आता म्हणतात, पायरी म्हणजे कळसाची पायरी.

करोनातही तेच. २०२० ला पंढरीचं देऊळ दर्शनाला बंद झालं, माऊलींच्या पादुका एसटीनं गेल्या, आपली दिंडी शंभर वर्षांत पहिल्यांदा घरी राहिली. त्यानंतर मोबाईलवर आलं की हे जुन्या संतांनी सांगून ठेवलंय. आधी का आलं नाही? तुकोबारायांनी शकुन सांगणाऱ्यांना आणि भविष्य जाणतो म्हणणाऱ्यांना दूरच ठेवलंय, गाथा उघडून बघावी. त्यांच्याच नावावर भविष्य खपवायचं म्हणजे धाडस म्हणायचं.

दिंडीच्या जुन्या वह्या आम्ही या अंकासाठी चाळल्या. त्यात ज्वारी किती, डाळ किती, कुठल्या मुक्कामाला पाऊस लागला, कोण आजारी पडलं, सगळं आहे. भविष्य एकही नाही. तेव्हा विणेकऱ्यांच्या घरी आम्ही एक नवी वही ठेवलीय. यंदा पट्टणकोडोलीहून किंवा आदमापूरच्या भंडाऱ्याहून भाकणूक ऐकून येतील त्यांनी त्याच रात्री, जसंच्या तसं, तारीख घालून लिहावं. पेन्सिलीनं नको, पेनानं. वही पुढच्या आषाढीला वाखरीच्या मुक्कामी सगळ्यांपुढं वाचू.