पुण्यातील महाविद्यालयीन क्रीडा आणि त्यांचे अर्थकारण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना
महाविद्यालयीन क्रीडांचा खर्च कोण सोसतो व त्यांचा लाभ कोणास होतो, हा उच्च शिक्षणाच्या इतिहासातील महत्त्वाचा प्रश्न आहे. प्रस्तुत निबंधात पुणे शहराच्या संदर्भात त्याचा विचार केला आहे.

अमेरिकेतील परंपरा
इ. स. १८५२ मध्ये हार्वर्ड व येल यांच्यातील पहिली नौकाशर्यत एका रेल्वे कंपनीच्या खर्चाने झाली. पुढे फुटबॉल सामन्यांची तिकिटे व दूरचित्रवाणीचे हक्क हे तेथील मोठ्या विद्यापीठांच्या उत्पन्नाचे साधन बनले. १९८४ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने हे हक्क स्वतंत्रपणे विकण्याचा मार्ग विद्यापीठांना मोकळा झाला.

पुण्यातील वाटचाल
पुण्यातील फर्ग्युसन महाविद्यालय (१८८५) व न्यू पूना कॉलेज (१९१६, आजचे सर परशुरामभाऊ महाविद्यालय) यांत अशी बाजारपेठ निर्माण झाली नाही. त्या काळी प्रेक्षकांची गर्दी खेचणारे मुंबईचे चौरंगी व पंचरंगी क्रिकेट सामने धर्मनिहाय संघांचे होते, महाविद्यालयांचे नव्हते. महाराष्ट्र संघाला १९३९-४० व १९४०-४१ मध्ये रणजी करंडक मिळवून देणारे कर्णधार प्रा. दि. ब. देवधर हे संस्कृतचे प्राध्यापक होते. त्यांचा चरितार्थ अध्यापनावर चाले, खेळावर नव्हे. १९३५-३६ मध्ये सुरू झालेल्या रोहिंटन बारिया करंडकाने आंतरविद्यापीठ क्रिकेटला प्रतिष्ठा दिली. उत्पन्नाचे साधन मात्र दिले नाही.

१९४९ मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झाले. त्याच्या कक्षेतील महाविद्यालयांच्या क्रीडांचा मुख्य आधार विद्यार्थ्यांकडून घेतले जाणारे जिमखाना शुल्क हाच राहिला. संघांचा प्रवास, दैनिक भत्ता, साहित्य व पंचांचे मानधन यांचा भार त्यावर पडतो. म्हणजेच मैदानावर कधीही न उतरणारा विद्यार्थी मोजक्या खेळाडूंच्या खर्चास हातभार लावतो.

जुन्या संस्थांचे खरे क्रीडाभांडवल म्हणजे त्यांची मैदाने. १९८३ नंतर विनाअनुदानित महाविद्यालये वाढली. महागड्या शहरात तशी मैदाने मिळविणे नव्या संस्थांना दुरापास्त झाले. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडी येथे शासकीय क्रीडासंकुल उभे राहिले, परंतु त्याने महाविद्यालयाच्या आवारातील मैदानाची उणीव भरून निघत नाही.

निष्कर्ष
पुण्यात महाविद्यालयीन क्रीडा हे उत्पन्नाचे साधन नसून सामायिक वर्गणीवर चालणारे कार्य आहे. त्यामुळे त्याचे यश केवळ पदकांवरून ठरविणे अपुरे आहे. शुल्क भरणाऱ्या किती विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष खेळावयास मिळाले, याचा हिशेब प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या वार्षिक अहवालात मांडणे न्याय्य ठरेल.