गाडीच्या चाबीचं काम: शिकायचं कसं?

दहावीत अडकलेला मुलगा "सर, काही कामधंदा सांगा" म्हणत येतो, तेव्हा मी चाबीच्या कामाचंही नाव घेतो. पालक हसतात. त्यांच्या डोळ्यांसमोर फुटपाथवर पेटी मांडून बसलेला चाबीवाला असतो. पण आजच्या कारची चाबी म्हणजे अर्धं कानशीचं आणि अर्धं कॉम्प्युटरचं काम. तुमसर, साकोलीच्या गिऱ्हाईकाला नागपूर गाठण्यापेक्षा इथेच माणूस मिळाला तर त्याचा दिवस वाचतो.

सुरुवात उस्तादाच्या हाताखालीच होते. आधी घरची कुलपं, मग मोटारसायकल, मग कार. कारच्या कुलपात पितळी पातळ पट्ट्या असतात. योग्य चाबी गेली की त्या एका रेषेत येतात आणि कुलूप फिरतं. मूळ चाबी नसेल तर कोरी चाबी कुलपात घालून हलकेच फिरवायची, तिच्यावर बारीक खुणा उमटतात, तिथेच कानस मारायची. हे वाचून येत नाही. शेकडो चाब्या वाया घालवाव्या लागतात.

पुढचा भाग इमोबिलायझरचा. जर्मनी आणि ब्रिटनमध्ये १९९८ पासून नव्या कारना तो सक्तीचा झाला, आता आपल्याकडेही बहुतेक कारमध्ये असतो. चाबीच्या मुठीत बिनबॅटरीची छोटी चिप असते. इग्निशनभोवतीच्या कॉइलमधून तिला ऊर्जा मिळते आणि ती आपली ओळख सांगते. ओळख पटली नाही तर चाबी फिरते, पण गाडी चालू होत नाही. म्हणून स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला मशीन लावून नव्या चिपची नोंद करावी लागते. काही गाड्या त्यासाठी पिन कोड मागतात.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने बॅटरी उतरलेल्या गाडीवर हे काम सुरू केलं. मध्येच वीज तुटली, ईसीयू बंद पडला. भरपाई उस्तादांनी भरली, बिचाऱ्यांनी. म्हणून मल्टीमीटर आणि सोल्डरिंग आधी, महागडं मशीन नंतर.

आयटीआयमध्ये चाबीच्या कामाचा वेगळा ट्रेड नाही. दहावी पास असेल तर मोटार मेकॅनिक किंवा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक, दोन्ही दोन वर्षांचे, पाया पक्का करतात. संध्याकाळी दुकानात बसता येतं.

आरसी बुक आणि ओळखपत्र पाहिल्याशिवाय गाडी उघडायची नाही, वहीत नोंद ठेवायची, ही सवय पहिल्या दिवसापासून लावा. चोरीच्या गाडीत नाव गुंतलं की घरदार पोलीस ठाण्याच्या चकरा मारतं.

हात बसून स्वतःचं काम सुरू झालं की पीएम विश्वकर्मा योजना पाहावी. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या या योजनेच्या १८ व्यवसायांत कुलूपवालेही आहेत. वय किमान १८ हवं, एका कुटुंबातून एकालाच लाभ, सरकारी नोकरदाराच्या घरी मिळत नाही. प्रशिक्षणात रोज ५०० रुपये आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आहे. कर्ज ५ टक्के व्याजाने मिळतं, पण ते घेणं सक्तीचं नाही. व्याज टाळणाऱ्यांनी प्रशिक्षण आणि अवजारांपुरताच विचार करावा. नोंदणी जवळच्या सीएससी केंद्रात, आधार आणि मोबाईल घेऊन.