भौतिकी चिकित्सा, हृदय व फुप्फुसे यांची
हृदय व फुप्फुसे यांच्या विकारांत नियंत्रित श्वसन व क्रमशः वाढविलेले श्रम यांनी करावयाचा उपचार. पहिल्या महायुद्धात (१९१४–१८) छातीच्या जखमांनंतर श्वसन-व्यायाम योजिले गेले. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून प्राणायामाच्या प्रायोगिक अभ्यासास चालना दिली. हृद्‌रोग्यास मात्र दीर्घकाळ निजवून ठेवीत. लीव्हाइन व लाउन या अमेरिकेतील हृद्‌रोगतज्ञांनी १९५२ मध्ये त्यास खुर्चीत बसविणे हितकर असल्याचे दाखविले. कापडगिरण्यांचे मोठे केंद्र झालेल्या सोलापुरात कामगारांस कापसाच्या धुळीपासून होणाऱ्या श्वसनविकाराचा धोका असे. सुटीनंतर कामावर येताच छाती आवळणे, हे त्याचे प्रारंभिक लक्षण होय. विकार जुनाट झाल्यावर व्यायामाने उरलेली क्षमता कामी येते, गेलेली परत येत नाही. म्हणून धुळीचे नियंत्रण हाच त्यावरील मूळ उपाय ठरतो.