पातळ पॅकिंगचा जड इतिहास

१/ इंजिनचे हेड आणि जळालेला वायू बाहेर नेणारी नळी यांच्यामध्ये जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटर जाडीचा एक तुकडा बसतो. गॅरेजमध्ये त्याला ‘पॅकिंग’ म्हणतात, सुट्या भागांच्या दुकानात ‘गॅस्केट’. तो कशाचा असावा, या साध्या प्रश्नामागे शंभर वर्षांचा औद्योगिक इतिहास आहे आणि त्यात माणसांचे प्राणही गेले आहेत.

२/ दुसऱ्या महायुद्धानंतर दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुण जुन्या गाड्या स्वस्तात घेत, त्यांची इंजिने सुधारत आणि कोरड्या तळ्यांच्या सपाट पात्रांत त्या पळवत. ‘हॉट रॉड’ हे त्यांचे मासिक जानेवारी १९४८ मध्ये निघाले. कारखान्याचा बिडाचा मॅनिफोल्ड काढून वाकवलेल्या पोलादी नळ्यांचा ‘हेडर’ बसवणे ही त्यांची आवडती सुधारणा. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र नळी मिळाली, की वायू मोकळेपणाने बाहेर पडतो.

३/ मात्र ताकदीबरोबर गळतीही आली. बिडाचा मॅनिफोल्ड जाड असल्याने आपला आकार टिकवून धरी. हेडरची पोलादी पट्टी मात्र वेल्डिंगच्या उष्णतेनेच किंचित वाकते. पुढे हेड ॲल्युमिनियमचे झाले, तेव्हा अडचण वाढली. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. म्हणजे सांधा रोज सरकणार. पॅकिंग खाचखळगे भरण्याइतकी मऊ हवी आणि आगीत टिकणारीही हवी.

४/ हे दोन्ही गुण एका स्वस्त खनिजात होते: ॲस्बेस्टॉस. त्याचे तंतू कातता येत, कागदासारखे लाटता येत, पत्र्यात गुंडाळता येत. विसाव्या शतकात बराच काळ इंजिनची गॅस्केट, ब्रेकचे लायनिंग आणि क्लच या सर्वांत तेच असे.

५/ इंग्लंडमधील रॉचडेल येथे टर्नर ब्रदर्सच्या कारखान्यात नेली केरशॉ याच तंतूंचे सूत कातत असे. १४ मार्च १९२४ रोजी, वयाच्या ३३व्या वर्षी ती वारली. डॉ. विल्यम कुक यांना तिच्या फुफ्फुसांत ॲस्बेस्टॉसचे कण आढळले. कंपनीने भरपाई नाकारली. १९२७ मध्ये कुक यांनी या रोगाला ‘ॲस्बेस्टोसिस’ हे नाव दिले.

६/ ब्रिटनमध्ये १९३१ साली कारखान्यांसाठी नियम झाले. १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेतून जे. सी. वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी ॲस्बेस्टॉस आणि मेसोथेलिओमा या कर्करोगाचा संबंध मांडला. भारतात १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या निमित्ताने आरोग्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. तरीही जुनी पॅकिंग खरवडणाऱ्या मेकॅनिकपर्यंत ही जाणीव फार उशिरा पोहोचली.

७/ पर्याय हळूहळू आले. १९६०च्या दशकात युनियन कार्बाइडने लवचिक ग्राफाइटचे तक्ते विकसित केले. ग्राफाइट उंचसखलपणा भरून काढते, पण नाजूक असते. म्हणून त्याला पोलादी गाभा देतात. तांबे तापवून पुन्हा मऊ करता येते आणि परत वापरता येते. अनेक पदरी पोलादी गॅस्केट दीर्घकाळ टिकते, पण तिला अगदी सपाट पृष्ठभाग लागतो.

८/ मग नुसते सीलंट फासले तर? सिलिकॉन सीलंट साधारण ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तग धरते. हेडच्या तोंडाशी वायू त्याच्या दुपटीहून अधिक तप्त असतो. १९७६ मध्ये व्होल्वोने बॉशचा ऑक्सिजन सेन्सर गाडीत आणला आणि दुसरे कारण पुढे आले: सिलिकॉनची वाफ सेन्सरवर थर धरून त्याला निकामी करते. म्हणून ‘सेन्सर-सेफ’ सीलंट बाजारात आले. गळती राहू देणेही परवडत नाही. फटीतून बाहेरची हवा आत खेचली जाते, सेन्सर जास्त ऑक्सिजन नोंदवतो आणि संगणक विनाकारण जादा इंधन सोडतो.

९/ आजची शहाणी पद्धत या साऱ्या अनुभवातून आली. हेडरची पट्टी सरळ पट्टीने तपासावी. गॅस्केटचे भोक हेडच्या भोकापेक्षा किंचित मोठे असावे. गॅस्केटच्या उत्पादकाने वेगळे सांगितले नसेल, तर ती कोरडीच बसवावी. बोल्ट मधून कडेकडे कसावेत आणि इंजिन तापून थंड झाल्यावर पुन्हा कसावेत. जुन्या गाडीची पॅकिंग कशाची आहे हे ठाऊक नसेल, तर ती कोरडी खरवडू नये, तारेच्या ब्रशने घासू नये.

१०/ १८ मार्च २०२४ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर बंदी जाहीर केली. त्या वर्षापर्यंत वापरात उरलेल्या मोजक्या वस्तूंत काही युटिलिटी वाहनांच्या एक्झॉस्टची गॅस्केटही होती. नेली केरशॉच्या मृत्यूला तेव्हा शंभर वर्षे आणि चार दिवस झाले होते.