पँथर आधी मतपत्रिकेवर होता

छातीवरच्या बिल्ल्यावर, वस्तीच्या भिंतीवर, मोर्च्याच्या फलकावर जो पँथर आपण मिरवला तो आला कुठून? कुठल्याही पोराला विचारा. तो सांगेल, अमेरिकेतून, काळ्यांच्या ब्लॅक पँथरवरून. काळं जाकीट, काळी टोपी, हातात बंदूक. मीही वर्षानुवर्षं हेच सांगत आलो. शिबिरात सांगितलं, टाळ्या घेतल्या. पण ही अर्धीच गोष्ट आहे. पँथर बंदुकीवर जन्मला नाही. तो जन्मला मतपत्रिकेवर. ते एक निवडणूक-चिन्ह होतं. अडाणी शेतमजुरांना ओळखता यावं म्हणून काढलेलं.

हे मला कळलं तेव्हा पहिली आठवण झाली माझ्या आजीची. आजी अंगठेबहाद्दर. पण तिला एक अक्षर येत होतं, ते म्हणजे हत्ती. १९५२ च्या निवडणुकीत शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचं चिन्ह हत्ती होतं. 'बाबासायबाचा हात्ती' एवढंच तिचं राजकारण. पुढं सत्तरच्या सुमाराला एका निवडणुकीत आमच्या भागात समझोता झाला. जागा मोठ्या पक्षाला सुटली, आपल्या पुढाऱ्यांना आश्वासन सुटलं. आजीला कोणी काही सांगितलं नाही. ती नेहमीसारखी न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून केंद्रावर गेली आणि शिक्का हातात धरून उभी राहिली. बाहेर आली ती गप्पच. रात्री भाकरी थापताना म्हणाली, "आरं, हात्ती कुटं गेला रं? म्या समदा कागूद धुंडला." तिनं शिक्का कुठंच मारला नव्हता. कोरा कागद घडी करून पेटीत टाकला होता.

त्या कोऱ्या कागदाचा अर्थ मला आमच्या पुढाऱ्यांनी कधी सांगितला नाही. तो मला अमेरिकेच्या इतिहासात सापडला.

तिकडं पक्ष दोनच. एक रिपब्लिकन, दुसरा डेमोक्रॅटिक. (हा रिपब्लिकन म्हणजे आपला नव्हे, नाव तेवढं सारखं.) गुलामगिरी मोडली ती लिंकनच्या रिपब्लिकन पक्षाच्या राजवटीत. १८७० च्या पंधराव्या घटनादुरुस्तीनं काळ्या पुरुषांच्या मताला संरक्षण मिळालं. त्याच साली मिसिसिपीतून हायरम रेव्हल्स हा काळा माणूस सिनेटमध्ये जाऊन बसला. दक्षिणेत शेकडो काळे अधिकारपदावर आले. १८७३ साली जोतिरावांनी 'गुलामगिरी' लिहिली आणि गुलामांना मोकळं करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली.

आणि चारच वर्षांत सौदा झाला. १८७६ ची अध्यक्षपदाची निवडणूक अडकली. रिपब्लिकन हेज की डेमोक्रॅट टिल्डन, निकाल लागेना. १८७७ साली तडजोड झाली. हेजला खुर्ची मिळाली आणि दक्षिणेत काळ्यांच्या पाठीशी उभं असलेलं केंद्राचं सैन्य मागं घेतलं गेलं. खुर्ची एकाची, जमीनदारी दुसऱ्याची, आणि मान कापली तिसऱ्याची. दक्षिणेत डेमोक्रॅटिक पक्ष म्हणजे मळेवाल्यांचा पक्ष. त्यांनी मग मताचा हक्क कायद्यानंच मारला. १८९० साली मिसिसिपीनं नवी राज्यघटना केली आणि मतासाठी कर घातला, वाचनाची परीक्षा घातली. परीक्षा घेणारा कारकून गोरा. पास कोण होणार? १९०१ साली जॉर्ज व्हाइट हा शेवटचा काळा खासदार काँग्रेसमधून बाहेर पडला. दक्षिणेतून पुन्हा काळा माणूस निवडून यायला १९७२ साल उजाडलं. पुरी सत्तर वर्षं!

मग काळ्यांनी काय केलं? ज्यांना मत होतं ते कितीतरी वर्षं लिंकनचं नाव घेऊन रिपब्लिकनांनाच देत राहिले. तीसच्या दशकात मंदी आली, रूझवेल्टनं कामं काढली, आणि १९३६ साली उत्तरेतल्या काळ्या मतदारांचा मोठा लोंढा डेमोक्रॅटांकडं वळला. म्हणजे शिकागोतल्या काळ्यानं ज्या पक्षाला मत द्यायचं, तोच पक्ष अलाबामात त्याच्या भावाला मतदान केंद्राच्या पायरीवरून हाकलणार! या घरातून त्या घरात गेला, पण वळचण सुटली नाही.

डॉ. ड्युबॉइस हे काळ्यांचे मोठे विद्वान. १९४६ साली बाबासाहेबांनी त्यांना पत्र लिहिलं होतं. काळ्यांनी युनोकडं अर्ज केल्याचं वाचून त्याच्या प्रती मागवल्या होत्या. त्याच ड्युबॉइसांनी १९५६ साली जाहीर लिहिलं की मी या निवडणुकीत मत देणार नाही. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की पक्षांची नावं दोन आहेत, पक्ष एकच आहे. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा म्हातारा, आयुष्यभर मताच्या हक्कासाठी लढलेला, आणि शेवटी म्हणतो मत नाही देत. हाच माझ्या आजीचा कोरा कागद. फरक एवढाच, त्यांना लिहिता येत होतं.

पण मित्रहो, कोऱ्या कागदापाशी थांबायचं काय? पुढं बघा.

१९६४. मिसिसिपीत फॅनी लू हेमर नावाची बाई. कापूस वेचणारी. मतदार म्हणून नाव नोंदवायला गेली म्हणून मालकानं मळ्यावरून काढलं. तुरुंगात घालून मारलं. या बाईनं आणि तिच्या सोबत्यांनी मिसिसिपी फ्रीडम डेमोक्रॅटिक पार्टी काढली आणि अटलांटिक सिटीत डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात जाऊन सांगितलं, मिसिसिपीचे खरे प्रतिनिधी आम्ही. ती टेलिव्हिजनवर बोलू लागली तर खुद्द अध्यक्ष जॉन्सननं घाईनं पत्रकार परिषद बोलावून तिच्यावरचा कॅमेरा आपल्याकडं वळवला. मग तडजोड पुढं आली. प्रतिनिधी अडुसष्ट, जागा दोन. मोठमोठे नेते म्हणाले घ्या, काहीतरी मिळतंय. या खेडवळ बाया-माणसांनी ती झिडकारली. दोन जागांसाठी एवढ्या लांब आलो नाही म्हणाले.

दोन जागा! आपल्याकडं त्या दोन जागांपायी किती गट फुटले, किती बैठका मोडल्या, मोजा जरा.

आणि आता पँथर. अलाबामा राज्यातली लाउन्ड्स काउंटी. काउंटी म्हणजे आपला छोटा जिल्हा समजा. वस्तीत शंभरात ऐंशी काळे. नव्वद टक्के जमीन शहाऐंशी गोऱ्या घराण्यांची. १९६५ उजाडलं तेव्हा मतदार यादीत काळं नाव एकही नाही. एकही! मार्चमध्ये सेल्मा ते माँटगोमेरी मोर्चा याच काउंटीतून गेला. मोर्चेकऱ्यांना मोटारीनं नेणारी व्हायोला लिउझो ही गोरी बाई इथंच गोळी घालून मारली. ऑगस्टमध्ये मतदान हक्काचा कायदा झाला. काळ्यांनी नावं नोंदवली तशी मालकांनी त्यांना जमिनीवरून हुसकलं. कुटुंबंच्या कुटुंबं हमरस्त्याकडेला तंबू ठोकून राहिली. आपल्याकडच्या बहिष्कृत वस्तीला हे वेगळं सांगायला नको.

आता मत मिळालं, पण द्यायचं कुणाला? अलाबामाच्या डेमोक्रॅटिक पक्षाचं चिन्ह पांढरा कोंबडा, आणि त्यावर छापलेलं घोषवाक्य 'गोऱ्यांचं वर्चस्व'. १९६६ साली काळी मतं येणार म्हणताना ते शब्द काढले. कोंबडा तोच. वर उमेदवारीची फी पन्नास डॉलरवरून पाचशे केली. दुसरीकडं रिपब्लिकन. नागरी हक्कांच्या कायद्याविरुद्ध मत देणारा गोल्डवॉटर १९६४ साली त्यांचाच उमेदवार होता. दोन्ही दारं बंद.

तेव्हा जॉन हुलेट आणि गावच्या लोकांनी, स्टोकली कारमायकेल आणि विद्यार्थी संघटनेच्या पोरांच्या मदतीनं कायदा चाळला. राज्याच्या कायद्यात काउंटीपुरता स्वतंत्र पक्ष काढता येत होता. त्यांनी काढला: लाउन्ड्स काउंटी फ्रीडम ऑर्गनायझेशन. चिन्ह हवं. झेप घेणारा काळा पँथर काढला. कोंबड्यासमोर पँथर, कोण कोणाला खाईल ते अडाण्यालाही कळतं. पोरांनी चित्रांच्या पुस्तिका काढल्या. शेरीफ काय करतो, कर बसवणारा काय करतो, ते चित्रात दाखवलं. ३ मे १९६६ ला चर्चजवळ जमून नऊशेवर लोकांनी आपले उमेदवार आपण निवडले.

नोव्हेंबरात निवडणूक झाली. सातच्या सात उमेदवार पडले. मळेवाल्यांनी आपले मजूर गाड्यांतून आणून कोंबड्याला मतं द्यायला लावली. पडले, पण संपले नाहीत. १९७० साली तोच जॉन हुलेट त्याच काउंटीचा शेरीफ म्हणून निवडून आला. ज्या खात्याच्या लाठीला बाप-आजा भ्यायचे, त्याची चावी काळ्या माणसाच्या हाती आली. पुढं तीही माणसं मोठ्या पक्षाच्या प्रवाहात गेली, हेही लपवायचं कारण नाही. पण ती मोकळ्या हातानं गेली नाहीत.

तोच पँथर १९६६ च्या ऑक्टोबरात ह्युई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ओकलंडला नेला. १९७२ साली तो मुंबईत आला. येताना बंदूक दिसली, मतपत्रिका वाटेत गळाली.

१९७४ च्या जानेवारीत मध्य मुंबईच्या पोटनिवडणुकीत आपल्या पँथरनं बहिष्कार पुकारला. वरळीला दगड पडले, लाठ्या पडल्या, भागवत जाधव शहीद झाला. काँग्रेसचा उमेदवार पडला. आपली ताकद दिसली, खरं आहे. भागवतच्या रक्तापुढं मान लववूनच पुढचं लिहितो: त्या जागेवर निवडून आल्या कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे. आपला माणूस नाही. बहिष्कारानं एक पाडता येतो, दुसरा आपोआप बसतो. तो कोण, हे आपण ठरवत नाही.

कोणी म्हणेल, तिसरा पक्ष काढून तरी काय होतं? खरंच अवघड आहे. ज्याला सगळ्यांत जास्त मतं त्याला सगळं, बाकीच्यांना भोपळा, असा नियम असला की लोक म्हणतात मत वाया घालवू नका. १९९२ साली अमेरिकेत रॉस पेरो या अब्जाधीशाला जवळजवळ एकोणीस टक्के मतं पडली, पण अध्यक्ष निवडणारा निर्वाचक एकही मिळाला नाही. पुणे कराराच्या वेळी बाबासाहेबांना मतदारसंघाचा हा हिशेब कळलेला होता. बहुसंख्येच्या मतांवर निवडून येणारा आपला माणूस आपला राहत नाही. १९५२ साली उत्तर मुंबईत खुद्द घटनाकार पडले, यापरता पुरावा काय हवा?

आणि मतदार वैतागला की काय होतं तेही बघा. २०१२ साली, ओबामाच्या वेळी, अमेरिकेत शंभरातले सहासष्टहून जास्त काळे मतदार केंद्रावर गेले. २०१६ ला ते साठाच्या खाली आले. पक्ष तेच दोन, नियम तोच. त्या गैरहजेरीतून नवा पक्ष उभा राहिला नाही. घरी बसलेल्या माणसाचा राग कोणी मोजत नाही. पेटीत पडलेला राग मोजावाच लागतो.

१९१९ साली साउथबरो समितीपुढं, १९२८ साली सायमन कमिशनपुढं बाबासाहेब मताचा हक्क मागत उभे राहिले. तो दोन जागांना विकायला मागितला नव्हता, आणि घरात खुंटीला टांगायलाही नव्हता.

माझी आजी अडाणी नव्हती. तिच्यासमोर ठेवलेला कागद अडाणी होता. तिचं चिन्ह त्यावरून कोणी उचललं, हे तिला विचारायचं होतं. लाउन्ड्सच्या शेतमजुरांनी विचारत न बसता स्वतः चिन्ह काढलं आणि कागदावर चढवलं. पडायची तयारी ठेवून चढवलं.

पोरांनो, बिल्ला खुशाल लावा. पण पुढच्या निवडणुकीत तुमच्या वस्तीतली म्हातारी शिक्का घेऊन उभी राहील तेव्हा (आता शिक्का नाही, बटण आहे) तिनं कागद धुंडत बसू नये, एवढं काम आजपासून करा.

जय भीम.