सान राफाएलची सुरांची पाने

दक्षिण अमेरिकेतील बोलिव्हिया देशाच्या पूर्व भागात, ब्राझीलच्या सीमेकडे पसरलेल्या सखल वनप्रदेशाला चिकीतोस असे नाव आहे. तेथील जुन्या मिशन-मंदिरांची डागडुजी करण्यासाठी १९७२ साली हान्स रोथ नावाचे स्विस वास्तुविशारद आले. लाकडी खांबांना वाळवी लागली होती, छपरे खचली होती. हे काम चालू असता सान राफाएल आणि सांता आना या दोन गावांत त्यांना जुन्या कागदांचे गठ्ठे आढळले. कडा कुरतडलेल्या, दमटपणाने डागळलेल्या त्या कागदांवर स्वरलेखन होते. मिस्सागीते, सायंप्रार्थनेची स्तोत्रे, पवित्र मातेच्या लितानी, व्हायोलिनसाठी रचलेले वाद्यसंगीत अशी पाच हजारांहून अधिक पाने निघाली. आज ती कोन्सेप्सिओन गावच्या संग्रहालयात जपलेली आहेत.

अरण्यात हे संगीत आले कोठून? १६९१ साली येशूसंघीय फादर होसे दे आर्से यांनी सान हाविएर हे पहिले मिशन-गाव वसविले आणि पुढील सात दशकांत अशी आणखी गावे उभी राहिली. १७३० साली फादर मार्टिन श्मिड हे स्वित्झर्लंडमधून निघालेले धर्मगुरू येथे पोहोचले. त्यांनी मंदिरे बांधली, ऑर्गन घडविले, व्हायोलिन बनविण्यास शिकविले आणि मुलांना स्वरलेखन वाचावयास लावले. रोममधील येशूसंघाच्या जेझू मंदिराचे ऑर्गनवादक दोमेनिको झिपोली हेही १७१७ साली युरोप सोडून या खंडात आले होते. ते आर्जेन्टिनातील कोर्दोबा येथे १७२६ साली, गुरुदीक्षा होण्यापूर्वीच, वारले. त्यांना स्वतःला चिकीतोसचे दर्शन घडले नाही. त्यांच्या रचना मात्र नकलांच्या रूपाने तेथवर जाऊन पोहोचल्या.

या गावांचे आपल्याकडे फार गोड चित्र रंगविले जाते. वसाहतकारांच्या आणि ब्राझीलकडून येणाऱ्या गुलाम-शिकाऱ्यांच्या हातून ती आदिवासींना वाचवीत, हे खरेच. पण वेगवेगळ्या टोळ्यांना तेथे एकत्र वसविले गेले, सर्वांसाठी चिकितानो ही एकच भाषा ठरविण्यात आली आणि लहान टोळ्यांच्या बोली तिच्यात विरून गेल्या. ज्या गायनवृंदाचे आपण कौतुक करतो, त्याच्या पायाशी ही हानीही आहे.

खरी कसोटी पुढे लागली. १७६७ साली स्पेनचा राजा तिसरा कार्लोस याने येशूसंघीयांना आपल्या साऱ्या राज्यातून हद्दपार केले. वृद्ध फादर श्मिड यांनाही परत जावे लागले. १७७२ साली लुसर्न येथे त्यांचे निधन झाले. गुरू गेले की विद्या लोपते, असाच सर्वांचा समज. येथे तसे घडले नाही. चिकितानो गायक आणि वादक रविवारी, सणासुदीला गातच राहिले. कागद जीर्ण झाले की ते नवी नक्कल करीत. १८३१ साली आल्सीद दोर्बिन्यी हे फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ या गावांतून हिंडले, तेव्हा मिस्सेतील संगीत ऐकून ते थक्क झाले. फादर जाऊन तोवर चौसष्ट वर्षे लोटली होती! पुढे रबराच्या व्यापाराचे दिवस आले, माणसे मजुरीला जुंपली गेली, कित्येक घरे ओस पडली. तरीही ते गठ्ठे कोणी चुलीत घातले नाहीत.

म्हणून या संगीताला नुसते ‘जेज्वीट बरोक’ म्हणण्याची प्रथा मला खटकते. त्या नावात शिकविणारे दिसतात, सांभाळणारे दिसत नाहीत. बहुतेक पानांवर रचनाकाराचे नाव नाही; त्यांतील किती रचना चिकितानो हातांच्या असतील, हे कोण सांगणार?

याच संग्रहात एक संगीतिका आहे. तिचे शब्द चिकितानो भाषेत आहेत आणि तिचे नायक आहेत संत फ्रान्सिस झेवियर. ज्यांचे पार्थिव गोव्याच्या बॉम जीझस मंदिरात आहे आणि ज्यांच्या सणाला आपल्या घरांतून नोव्हेना म्हटली जाते, तेच हे संत. आपण त्यांना आपलेच मानतो. अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी जगाच्या दुसऱ्या टोकाला एक आदिवासी समाज त्यांना आपल्या भाषेत बोलते करीत होता, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक असेल?

१९९० साली चिकीतोसच्या सहा मंदिर-गावांना युनेस्कोने जागतिक वारशाचा मान दिला. त्याच वर्षी बोलिव्हियाच्या सखल प्रदेशातील आदिवासी आपल्या भूमीसाठी आणि सन्मानासाठी त्रिनिदाद शहरापासून ला पास येथवर महिन्याहून अधिक काळ पायी चालत गेले. भिंतींना मान मिळाला तेव्हा माणसे रस्त्यावर होती. ही दोन दृश्ये मला एकमेकांपासून वेगळी करता येत नाहीत.

पोलंडचे फादर पिओत्र नाव्रोत यांनी ही हस्तलिखिते वाचून, जुळवून पुन्हा गाण्याजोगी केली. १९९६ पासून दर दोन वर्षांनी तेथे संगीतमहोत्सव भरू लागला आणि परदेशांतील गायनवृंद येऊ लागले. ते आले ते बरेच झाले. पण गावोगावी उभे राहिलेले स्थानिक मुलामुलींचे वाद्यवृंद मला अधिक मोलाचे वाटतात. पूर्वी मंदिरातील वरच्या पट्टीचे स्वर मुलगे गात. आता तेथे मुली गातात, व्हायोलिनही वाजवितात. त्यांच्या पूर्वजांची भाषा, जिला तेथील लोक बेसिरो म्हणतात, २००९ च्या राज्यघटनेने राष्ट्राच्या अधिकृत भाषांत नोंदविली आहे. ती सहजपणे बोलणारे आता थोडे उरले आहेत. झेवियरच्या संगीतिकेचे शब्द तरुण गायकांना मुद्दाम शिकून घ्यावे लागतात.