आकडा, कंस आणि तारीख

इलेक्ट्रॉनिक्सचा कुणीही विद्यार्थी गणित करता करता एका क्षणी थांबतो आणि एक आकडा शोधतो. इलेक्ट्रॉनवरचा विद्युतभार किती? पूर्वी तो पुस्तकाच्या शेवटच्या पानावर बघायचा, आता मोबाइलवर बघतो. आकडा मिळाला की गणित पुढं सरकतं. हा आकडा तिथं कुणी ठेवला, केव्हा ठेवला, तो बदलायची वेळ आली हे कसं ठरवायचं, असले प्रश्न त्या वेळी मनात येत नाहीत. येत नाहीत तेच बरं, नाहीतर एकही गणित संपायचं नाही. आज मात्र आपण त्या प्रश्नांपाशीच बसणार आहोत.

मी तत्त्वज्ञानाचा माणूस. सोल्डरिंग आयर्न आयुष्यात हातात धरलेलं नाही. पण आमच्या दर्शनांत एक जुना वाद आहे, तो इथं कामाला येतो. ज्ञानाचं प्रामाण्य कुठून येतं? मीमांसक म्हणतात, ते स्वतः असतं; बाध येत नाही तोवर ज्ञान खरं धरूनच चालायचं. नैयायिक म्हणतात, तसं नाही, प्रामाण्य परतः असतं; दुसऱ्या कशानं तरी ते पडताळून घ्यावं लागतं. आता बघा, कोष्टक वापरणारा माणूस मीमांसक असतो, आणि त्यानं तसंच असावं. पण कोष्टक सांभाळणाऱ्याला ती चैन परवडत नाही.

सुरुवात रॉबर्ट मिलिकन यांच्यापासून करू. शिकागो विद्यापीठातला त्यांचा तेलाच्या थेंबांचा प्रयोग आपण सगळ्यांनी शाळेत वाचलाय. १९१७ मध्ये त्यांनी इलेक्ट्रॉनच्या भाराचा आकडा दिला तो ४.७७४, अधिक-उणे ०.००५. हे जुन्या स्थिरविद्युत एककांत आहे. पुढचा दहाचा उणे दहावा घात आपण आज बोलताना सोडून देऊ. म्हणजे चूक असलीच तर हजारात एखाद्या भागाची, असा त्यांचा दावा. १९२३ मध्ये नोबेल मिळालं. आकडा जगभरच्या पुस्तकांत गेला.

आजचा आकडा आहे ४.८०३२. फरक अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त. हा फरक मोठा की लहान? मिलिकन यांनी स्वतः सांगितलेल्या अनिश्चिततेच्या जवळजवळ सहापट. म्हणजे चांगलाच मोठा.

चूक थेंबांत नव्हती. दोन पत्र्यांमध्ये तेलाचा सूक्ष्म थेंब हवेतून खाली येतो, त्याच्या वेगावरून थेंबाचा आकार काढायचा, आणि त्यासाठी हवेची श्यानता ठाऊक लागते. हवा पडणाऱ्या वस्तूला किती अडवते त्याचं ते माप. श्यानतेचा आकडा वेगळ्या प्रयोगातून आलेला होता, आणि तो थोडा कमी होता. भार या श्यानतेच्या दीड घातानं बदलतो. त्यामुळं श्यानतेतली लहानशी चूक भारात दीडपट होऊन उतरली. मुख्य प्रयोग इतका काळजीपूर्वक केलेला, आणि खोट निघाली उसन्या आणलेल्या आकड्यात! घर बांधताना आपण भिंती ओळंब्यात आहेत का ते दहादा बघतो, पण गज दुकानदार सांगेल तो घेतो, तसंच हे.

आता ज्यांच्यासाठी मी हा विषय निवडला त्या गृहस्थांकडे येऊ. बर्कलेचे रेमंड बर्ज. १९२९ मध्ये त्यांनी भौतिकीतल्या सामान्य स्थिरांकांच्या संभाव्य किमतींवर एक लांबलचक निबंध लिहिला. ज्या नियतकालिकाला आपण आज रिव्ह्यूज ऑफ मॉडर्न फिजिक्स म्हणतो, त्याचा आरंभच या निबंधानं झाला. बर्ज यांनी नवा प्रयोग केला नाही. त्यांनी दुसऱ्यांचे प्रयोग घेतले, त्यांत वापरलेले जुने उसने आकडे काढून ताजे घातले, पुन्हा हिशेब केला, आणि सगळे स्थिरांक एकमेकांशी जुळतात का ते तपासलं. कारण हे आकडे सुटेसुटे नसतात. इलेक्ट्रॉनचा भार हलला की ॲव्होगाड्रो संख्या हलते, बोल्ट्झमनचा स्थिरांक हलतो, प्लांकचाही हलतो. एकत्र कुटुंबासारखं आहे. एकाची बदली झाली की सगळ्यांचं वेळापत्रक बदलतं.

या पहिल्या कोष्टकात बर्ज यांनी भार दिला ४.७७०, अधिक-उणे ०.००५. म्हणजे एवढ्या चिकित्सक माणसानंही कौल थेंबालाच दिला. त्याआधीच, १९२८ मध्ये, स्वीडनमधल्या उप्साला इथं बेकलिन यांनी क्ष-किरणांची तरंगलांबी रेघा ओढलेल्या जाळीनं मोजून स्फटिकाच्या मार्गानं भार काढला होता आणि तो मोठा, ४.७९ च्या आसपास, येत होता. दोन रस्ते, दोन उत्तरं. अशा वेळी संपादकानं काय करायचं? सरासरी काढणं सर्वांत सोपं, आणि सर्वांत वाईट. दोन साक्षीदारांपैकी एक म्हणतो चोर उत्तरेला पळाला, दुसरा म्हणतो दक्षिणेला. म्हणून पोलीस काही तिथंच उभे राहत नाहीत.

मग १९३२ च्या सुमारास जपानमधल्या शिबा यांनी बोट ठेवलं ते हवेच्या श्यानतेवर. १९३५ मध्ये उप्सालातच केलस्ट्रॉम यांनी श्यानता नव्यानं मोजली, आणि ती खरोखरच जास्त निघाली. बर्ज यांनी १९४१ मध्ये नवं कोष्टक छापलं. त्यात भार ४.८०२५, अधिक-उणे ०.००१०. आजची किंमत या मर्यादेत व्यवस्थित बसते.

रिचर्ड फाइनमन यांनी १९७४ मध्ये एका भाषणात ही गोष्ट वेगळ्या रंगात सांगितली होती: मिलिकननंतर मोजणारे लोक मोठा आकडा आला की बिचकायचे, त्यामुळं किंमत हळूहळू, चोरपावलांनी वर सरकली. गोष्ट फार लोकप्रिय आहे; आम्ही प्राध्यापक मंडळी ती वर्गात रंगवून सांगतो, मीही सांगितली आहे. पण कोष्टकं पाहिली तर सरकणं तिथं दिसत नाही. ४.७७४, ४.७७०, आणि मग एकदम ४.८०२५. एवढी वर्षं खोळंबा झाला तो भित्रेपणामुळं झाला असं मला वाटत नाही. आपला कुठला पाय खोटा आहे ते कळल्याशिवाय बर्ज हलायला तयार नव्हते. नुसता वेगळा आकडा समोर येणं म्हणजे बाध नव्हे. का वेगळा, हे कळायला हवं. मला हा त्यांचा आडमुठेपणा आवडतो.

तुम्ही विचाराल, इतकी वर्षं चुकीचा आकडा पुस्तकात होता, तर इंजिनियरांचं काही बिघडलं कसं नाही? इथं एक गंमत आहे. डायोडचं समीकरण घ्या. त्यात भार एकटा येत नाही. बोल्ट्झमनचा स्थिरांक गुणिले तापमान, भागिले भार, असा येतो. ३०० केल्विनला ही राशी सुमारे २५.८५ मिलिव्होल्ट. आता बर्ज यांच्या काळात बोल्ट्झमनचा स्थिरांकच भारावरून काढलेला होता. भार चुकला तर तोही त्याच प्रमाणात चुकणार, आणि भागाकारात दोन्ही चुका कटणार! वापरणाऱ्याचं उत्तर बरोबर येत राहिलं, म्हणून वापरणाऱ्याकडून तक्रार यायची शक्यताच कमी होती. अशी चूक शोधायला कुणीतरी पूर्णवेळ संशयी माणूस लागतो.

पुढं हे काम एका माणसाच्या आवाक्यात राहिलं नाही. १९६९ मध्ये कोडाटा या आंतरराष्ट्रीय समितीनं त्यासाठी एक कार्यगट नेमला. कोहेन आणि टेलर यांचं पहिलं कोष्टक १९७३ चं, दुसरं १९८६ चं, मग १९९८, आणि त्यानंतर साधारण दर चार वर्षांनी.

एव्हाना इलेक्ट्रॉनिक्सनं स्वतःच या खेळात उडी घेतली होती. १९६२ मध्ये केंब्रिजचा एक बावीस वर्षांचा विद्यार्थी, ब्रायन जोसेफसन, यानं भाकीत केलं की दोन अतिवाहकांमधल्या पातळ सांध्यावर वारंवारता दिली की व्होल्टेज ठरूनच मिळतं. १९८० मध्ये क्लाउस फॉन क्लिट्झिंग यांना रोधाच्या बाबतीत तशीच ठाम पायरी सापडली. म्हणजे व्होल्ट आणि ओहम आता बाटलीतल्या रसायनावर किंवा तारेच्या वेटोळ्यावर अवलंबून राहिले नाहीत. फक्त एक अडचण. वारंवारतेला कुठल्या संख्येनं भागायचं? अमेरिका ४८३५९३.४२ गिगाहर्ट्झ प्रति व्होल्ट धरायची, बरेच देश ४८३५९४, सोव्हिएत संघाचा आकडा आणखी वेगळा. निसर्ग एक, सांधा एक, आणि व्होल्ट देशागणिक निराळा!

तेव्हा सर्वांनी ठरवून १ जानेवारी १९९० पासून एक आकडा घेतला: ४८३५९७.९. रोधासाठी २५८१२.८०७ ओहम. अमेरिकेतला व्होल्ट त्या मध्यरात्री दशलक्षात ९.२६ भागांनी मोठा झाला. दहा व्होल्टचा जो प्रमाणस्रोत ३१ डिसेंबरला बरोबर दहा दाखवत होता, तो १ तारखेला सुमारे ९३ मायक्रोव्होल्ट कमी भरला. स्रोताला काही झालं नव्हतं. घरातल्या रेडिओला याचा पत्ताही लागला नाही, पण मीटर बनवणाऱ्यांना आणि कॅलिब्रेशनच्या प्रयोगशाळांना आपापल्या नोंदी दुरुस्त कराव्या लागल्या. ज्या दाखल्यावर तारीख नाही, तो दाखला त्या दिवशी निरुपयोगी झाला.

असा धक्का पूर्वीही बसला होता. १०६.३ सेंटिमीटर लांबीच्या पाऱ्याच्या स्तंभावरचा जुना आंतरराष्ट्रीय ओहम १ जानेवारी १९४८ ला निवृत्त झाला. तो नव्या ओहमच्या १.०००४९ पट होता.

आज हे कोष्टक अमेरिकेच्या निस्ट या संस्थेच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतं. मला तिथली एक साधी सोय फार मोलाची वाटते. नवा संच आला की जुना पुसून टाकत नाहीत; वर्षाप्रमाणे जुन्या किमती वेगळ्या ठेवलेल्या आहेत. १९८० साली कुणी केलेलं गणित आज तपासायचं असेल, तर त्यानं १९७३ चा भार, १.६०२१८९२, वापरला असणार. १९८६ मध्ये तो १.६०२१७७३३ झाला. जुना आकडा हाताशी नसेल तर त्या माणसाचं बरोबर गणित तुम्ही चूक ठरवाल. दुसरी सोय कंसाची. शेवटच्या अंकांपुढे कंसात त्यांची अनिश्चितता लिहिलेली असते. आपली पाठ्यपुस्तकं आकडा उचलतात आणि कंस टाकून देतात. मला हे एखाद्याचं मत छापताना त्याचं ‘बहुधा’ गाळण्यासारखं वाटतं.

२० मे २०१९ पासून तर चित्रच उलटलं. भार १.६०२१७६६३४ हा व्याख्येनंच नेमका ठरवला गेला, कंस गेला. १९९० चे तात्पुरते आकडेही निवृत्त झाले, व्होल्ट पुन्हा हलला, पण या वेळी फक्त कोटीत एक भाग. मग अनिश्चितता संपली का? नाही, तिनं घर बदललं. निर्वाताची पारगम्यता, म्यू-नॉट, जी आपण चार पाय गुणिले दहाचा उणे सातवा घात अशी नेमकी शिकलो, ती आता मोजायची राशी झाली. पहिले दहा अंक तेच आहेत, त्यामुळं कुणाचंही गुंडाळ्यांचं गणित चुकणार नाही. पण ‘नेमकी’ हा शब्द आता खोडायला हवा, आणि कितीतरी पुस्तकांत तो अजून तसाच आहे.

आणि ही राशी शांत बसलेली नाही. ती सूक्ष्मसंरचना स्थिरांकावरून काढतात. तो बर्कलेत सीझियमच्या अणूंवर मोजला, पॅरिसमध्ये रुबिडियमच्या. २०१८ आणि २०२० चे हे दोन निकाल आपापल्या अनिश्चिततेच्या मानानं पाचपटीहून अधिक दूर पडले. पुन्हा दोन रस्ते, दोन उत्तरं. २०१८ च्या संचात या स्थिरांकाचा व्यस्त १३७.०३५९९९०८४ होता, कंसात २१. २०२२ च्या संचात, जो प्रत्यक्षात २०२४ मध्ये लोकांसमोर आला, तो १३७.०३५९९९१७७ आहे, कंसात पुन्हा २१. कंसाच्या चौपटीहून मोठी उडी. यातली सीझियमची खोट की रुबिडियमची, हे अजून कुणी दाखवून दिलेलं नाही. तेवढ्यात कार्यगट पुढच्या संचासाठी निकाल गोळा करतो आहे, आणि २०१८ चा आकडा जुन्या किमतींच्या रकान्यात जाऊन बसला आहे.